तिसरा आग्रह

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक जास्त बोलल्यामुळे झाल्या. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी ते माझ्यापासून लपवतही नाही. कमी बोलल्यामुळे झालेली चूक एकच, आणि ती मात्र मला अजून पचलेली नाही.

इंग्लंडात येऊन तेव्हा आम्हाला वीसेक वर्षं झाली असतील, त्यांतली शेवटची दहा-बारा मिल्टन कीन्सला. नवरा डॉक्टर. सकाळी गाडी घेऊन निघायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मुलगी त्याच सप्टेंबरात मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली होती आणि तिची खोली रिकामी पडली होती. मी रोज त्या खोलीत जाऊन नसलेली धूळ पुसत असे. लंडनमध्ये एजवेअरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "अगं, धूळ कसली पुसत बसलीस, गार्डियन हो."

प्रकार असा होता. इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळांमध्ये त्या वर्षांत चीनमधून बरीच मुलं येऊ लागली होती. प्रत्येक सत्राच्या मध्ये आठवडाभर हाफ-टर्मची सुट्टी, शिवाय अधूनमधून एखादा शनिवार-रविवार शाळेचं वसतिगृह बंद. तेवढ्यासाठी कोणी चीनला जात नाही. अशा वेळी मुलाला घरी नेणारं, इथेच राहणारं एक माणूस आईवडिलांनी कागदोपत्री नेमायचं, असा शाळेचा नियम. त्या माणसाला गार्डियन म्हणायचं. एजन्सीची एक बाई येऊन आमची खोली, बाथरूम, धुराचा अलार्म आणि मला पाहून गेली, आणि ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला आमच्या दारात तेरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. तशी त्याला दोन नावं होती, एक घरचं आणि एक शाळेत उच्चारायला सोपं पडावं म्हणून घेतलेलं इंग्रजी, पण मी त्याला पहिल्या दिवसापासून "बाळा" म्हणत आले आणि तो त्या हाकेला वळून बघायला शिकला. ब्लेझरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. वाढत्या अंगाचा घेतलेला असणार, आपल्याकडे घेतात तसा. त्याने दोन्ही हातांनी मला एक लांबट खोका दिला. आत दोन छत्र्या होत्या. त्याच्या आईवडिलांचा छत्र्यांचा कारखाना होता.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत व्हायचं. ते मी इथे आठवेल तसं मराठीत लिहिते आहे. त्याचं "नो, थँक यू" मात्र तसंच ठेवते, कारण सगळं त्यावरच अडलं.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला मी पोळ्या, बटाट्याची भाजी, वरणभात आणि तो मांसाहारी असेल म्हणून चिकनचा रस्सा, असं सगळं केलं. त्याने एक पोळी खाल्ली. मी विचारलं, "अजून एक?" तो म्हणाला, "नो, थँक यू." मी पोळ्यांचा डबा उचलून ओट्यावर ठेवून दिला.

आता हे वाचून माझ्या माहेरचं कोणीही म्हणेल की ही दुसरीच कोणी बाई असली पाहिजे. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की खरं वाढणं सुरू होतं. पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे भीड. तिसऱ्यांदा नको म्हणाला तर थांबायचं, आणि तेही अर्धी पोळी पानात टाकूनच. इंग्लंडात येऊनही मी पंधराएक वर्षं तसंच वाढत होते. मग मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला तिच्या वर्गातली एक गोरी मुलगी जेवायला आली. ती नको म्हणाली, मी तिसरा गुलाबजाम घातला. ती पुन्हा नको म्हणाली, मी चौथा घातला. बिचारीने डोळ्यांत पाणी आणून तो खाल्ला आणि जाऊन आमच्या बाथरूममध्ये ओकली. त्या संध्याकाळी माझी लेक कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "आई, यू कान्ट डू दॅट. ती नको म्हणाली तर नको असतो. वन टाइम विचारायचा. बस."

तिच्या व्याकरणाकडे दुर्लक्ष करून मी तिचं ऐकलं. इतकं ऐकलं की पुढे त्याचा मला अभिमान वाटू लागला. मंडळाच्या गणपतीला कोणी बाई पाहुण्याच्या पानावर ओणवून आग्रह करताना दिसली की मी मनात म्हणायची, इतकी वर्षं राहून काही शिकली नाही ही. मी शिकले होते. एकदा विचारायचं, उत्तर मिळालं की डबा बंद करायचा. समोरच्याच्या शब्दाला मान द्यायचा.

तर या हिशेबाने तो मुलगा आमच्याकडे वर्षभर एकेका पोळीवर राहिला. सुट्टीमागून सुट्टी मी भाजी बदलून पाहिली, पास्ता केला, नूडल्स केल्या, अंड्याचा भात केला. अजून हवं का? नो, थँक यू. मला वाईट वाटायचं, मग राग यायचा. एवढं करते आणि हा नाक मुरडतो. नवऱ्याला म्हटलं, "अहो, ह्याला माझ्या हातचं आवडतच नाही." ते म्हणाले, "आपण त्याचे गार्डियन आहोत, आचारी नाही. नको म्हणतो तर नको." सकाळी मात्र टोस्टरशेजारी पावाची लादी उघडी असे. तिथे त्याला कोणी विचारायला नसे आणि तो चार-चार स्लाइस खाई. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. इंग्रजी पाव आवडतो म्हणायचा, असं म्हणून मी गप्प बसले.

रविवारी सकाळी तो घरी फोन करायचा. आमचा फोन जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर होता. तो तिसऱ्या पायरीवर बसायचा, फोन कार्डावरचा लांबलचक नंबर दाबायचा आणि आईवडिलांशी दोन मिनिटं बोलायचा. त्यांच्याशी काय बोलायचा ते मला कळत नसे, पण सूर कळत होता. मी नागपूरला माहेरी करायची त्या फोनसारखाच तो सूर. सगळं छान आहे, जेवलो, थंडी आहे, ठेवतो.

मग तो आजोबांना फोन लावायचा. तो खरा फोन. आईवडील कारखान्यात गुंतलेले, त्यामुळे हा आजोबांजवळ वाढला होता, वेगळ्या, जुन्या गावात. आजोबा बस चालवायचे, आता घरी होते. दोघं फोनवर त्यांच्याकडचं बुद्धिबळ खेळायचे. त्याच्या सोंगट्या गोल असतात आणि वर अक्षरं असतात. पहिल्या हाफ-टर्मला त्याने मला विचारलं की दुधाच्या बाटल्यांची झाकणं टाकून देणार असाल तर मला द्याल का. अर्ध्या सायीच्या दुधाला हिरवं झाकण, पूर्ण सायीच्या दुधाला निळं. सोळा हिरवी हवीत आणि सोळा निळी. आमच्याकडे हिरवंच दूध यायचं. मी निळं दूधही आणायला लागले, आणि माझ्या हृदयरोगी नसलेल्या नवऱ्याने कोलेस्टेरॉलवर मला पुष्कळ ऐकवलं. ख्रिसमसपर्यंत बत्तीस झाकणं जमली. सीरियलच्या खोक्याच्या मागच्या बाजूला त्याने पट आखला, झाकणांवर काळ्या पेनाने अक्षरं लिहिली, आणि आजोबांची प्रत्येक खेळी ऐकून त्यांचीही सोंगटी तोच हलवायचा. आजोबांची पहिली खेळी ठरलेली असे, हे त्याने मला एकदा कौतुकाने सांगितलं. तोफ उचलून पटाच्या मधोमध आणायची.

ख्रिसमसला तो आमच्याकडेच राहिला. फेब्रुवारीच्या सुट्टीत मी हॉलमध्ये इस्त्री करत होते आणि तो पायरीवर बसून खेळत होता. डाव निम्म्यावर आला होता, बरीच झाकणं पटाबाहेर पडली होती. फोनवर आजोबा काही बोलले आणि हा थबकला. बाहेरची सगळी झाकणं गोळा करून त्याने पट पहिल्यासारखा मांडला, आणि मग आजोबांची तोफ उचलून मधोमध ठेवली.

मी विचारलं, "काय रे, संपला डाव?"

"आजोबा विसरले," तो म्हणाला. "त्यांना वाटलं, आत्ताच सुरू केलाय."

पुढच्या रविवारी शाळेत सोडताना गाडीत तो आपण होऊन बोलला. असं तो कधी करत नसे. म्हणाला, "आज सकाळी आजोबांनी मला विचारलं, कोण बोलतंय. मग त्यांना आठवलं." थोड्या वेळाने म्हणाला, "आई म्हणते, ते दमलेले असतात." मिल्टन कीन्सच्या चौकाचौकांतल्या वर्तुळांमधून मी गाडी फिरवत होते, एकामागून एक. मला सगळं समजलं होतं. पोराला भीती होती की आपण घरी पोचेपर्यंत आजोबा आपल्याला विसरून जातील. त्यातून उन्हाळ्याच्या सुट्टीतही त्याला आईवडिलांनी इथेच इंग्रजीच्या वर्गाला घातलं होतं, म्हणजे घरी जायला अजून दीड वर्ष.

मी विचारलं, "तुला घरी जायचंय का? मी बोलू तुझ्या आईशी?"

तो म्हणाला, "नो, थँक यू. इट्स ओके."

मी त्याच्या शब्दाला मान दिला. एकदा विचारलं होतं ना.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला त्याची आई त्याला भेटायला आली. आठवडाभराची सवड काढून आली होती आणि आमच्याकडेच उतरली. बारीक चणीची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, केस घट्ट बांधलेले, हाताला कारखान्यातल्या कामाचे घट्टे. इंग्रजी जेमतेम. तिच्या पर्समध्ये पाटीसारखा एक छोटा डिक्शनरीचा यंत्रडबा होता. ती त्यात चिनी शब्द टाइप करायची आणि इंग्रजी शब्द मला दाखवायची, आणि मी तो मोठ्याने वाचायची. दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. शनिवारी दुपारी मी पुरणपोळ्या केल्या.

पोळी खाऊन तिने डोळे मोठे केले. डबड्यात टाइप करून दाखवलं, "बीन्स. स्वीट." त्यांच्याकडेही डाळीचं गोड सारण असतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आणखी घ्या." ती हात हलवून नको म्हणाली.

आता पाहुणी बाई, एवढ्या लांबून आलेली, पुरणपोळी आवडलेली, आणि सणाचे दिवस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. लेकीची शिकवण, इंग्लंड, सगळं विसरून मी उलथन्यावर पोळी घेऊन तिच्या पानावर ओणवले. "घ्या हो, एकच." ती म्हणाली, नको, नको. मी म्हटलं, "माझ्यासाठी घ्या." तिसऱ्यांदा तिने नुसतं हसून ताट पुढे केलं. तशा तिने चार पोळ्या खाल्ल्या. मग तोंड पुसून, मोडक्या इंग्रजीत, अगदी समाधानाने म्हणाली, "तुम्ही चांगल्या. आमच्यासारख्या. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा खरं सांगायचं. मी याला लहानपणापासून शिकवलं."

मी मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून ताटातला तुपाचा ओघळ बोटाने पुसत होता.

मी म्हणाले, "पण तुम्ही त्याला कुठे विचारता? मघापासून तुम्ही त्याच्या ताटात नुसत्या टाकताय."

तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "आपल्या माणसाला विचारत नाहीत. आपल्या माणसाला वाढतात."

हे वाक्य माझ्या आईने जसंच्या तसं म्हटलं असतं. मी उठून त्याच्या ताटात दोन पोळ्या टाकल्या, मग आणखी दोन. त्या दुपारी त्याने सात पोळ्या खाल्ल्या. मी हसत होते, त्याची आई हसत होती, आणि मला आतून रडू येत होतं. एक वर्ष हे पोर माझ्या टेबलाशी बसून मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होतं. जगातल्या ज्या दोन-चार मुलखांत नको म्हणजे नको नसतं, त्यांतल्या एका मुलखातून तो आला होता आणि दुसऱ्यातून मी. आणि मी शहाणी होऊन बसले होते.

इथवरची गोष्ट मी पुष्कळ जणींना सांगितली आहे. लोक हसतात. मीही हसते आणि इथेच थांबते. पुढचं सांगत नाही.

त्याच संध्याकाळी धुतलेले कपडे घेऊन वर गेले तेव्हा त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. तो एका निळ्या झाकणावरचं पुसट झालेलं अक्षर पुन्हा गिरवत होता. मला गाडीतला तो रविवार आठवला. नो, थँक यू, इट्स ओके. ते पहिलं नको होतं, हे मला आता पक्कं कळलं होतं. दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं, तिसऱ्यांदाही. कपडे हातात धरून मी दारात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि विचारलं, "दूध हवंय का?"

का नाही विचारलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आई आली आहे, आता मायलेक काय ते बघून घेतील. ते खरं नव्हतं. खरं हे की वर्षभरात त्या खोलीला माणसाची सवय झाली होती आणि मलाही. त्याने घरी जायचं म्हटलं आणि तो परत आलाच नाही तर मी पुन्हा धूळ पुसत बसणार होते. आणि त्याहून वाईट असं एक कारण होतं. माझे वडील गेले तेव्हा मी विमानाचं तिकीट मिळवून तेराव्याला पोचले. शेवटची दोन वर्षं ते मला फोनवर ओळखत नव्हते. मी सोसलं होतं. आम्ही सगळ्यांनीच सोसलं, म्हणून इथे उभे आहोत, ह्यालाही सोसता आलं पाहिजे, असा एक कोरडा विचार माझ्या मनात होता. स्वतः सोसलेला सासुरवास सुनेवर काढणाऱ्या सासूचा विचार तो. लाज वाटते, पण होता.

रविवारी दुपारी त्याला शाळेत सोडायचं होतं. तो वर बॅग भरत होता, नवरा गाडीत हवा भरायला पेट्रोल पंपावर गेला होता, आणि मी भांडी विसळत होते. त्याची आई येऊन ती पुसू लागली. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. थोड्या वेळाने तिने फडकं खाली ठेवलं आणि डबडं काढलं.

बराच वेळ टाइप करून तिने मला दाखवलं. त्याच्या आजोबांचं डोकं आता चालत नाही. हे त्याला माहीत नाही. आम्ही सांगितलेलं नाही, अभ्यासावर परिणाम होईल.

मी वाचलं आणि पुन्हा भांडी विसळू लागले. त्याला माहीत आहे, हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं.

मग ती तोंडाने बोलली, एकेक शब्द जुळवत. "तुम्ही त्याला प्रत्येक सुट्टीत बघता. मी बघत नाही. मला तो फोनवर चांगलंच सांगतो. तो बरा आहे का?"

मी म्हणाले, "बरा आहे."

"त्याला घर फार आठवत असेल तर मी त्याला उद्या बरोबर नेते. एक महिना. शाळा रागावेल, रागावू दे. त्याचे वडील रागावतील, रागावू देत. तो बरा आहे का?"

मी म्हणाले, "अगदी मजेत आहे. अभ्यासही छान चाललाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात साबणाच्या फेसात होते. ती हळू म्हणाली, "खरंच?"

कालच मला तिने तिसऱ्यांदाचा अर्थ सांगितला होता. मला तो काल कळला असंही नाही, मी तो जन्मापासून जाणत होते. तरी मी हसून म्हणाले, "डोन्ट वरी. ही इज व्हेरी हॅपी."

तिने मान डोलावली, डबडं पर्समध्ये ठेवलं आणि उरलेली भांडी पुसली. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. जाताना आमच्या दारात तिने माझे हात धरले आणि पुष्कळदा थँक यू म्हटलं.

त्यानंतर मी त्याला खाऊ मात्र जोरात घालू लागले. पोळ्या, पराठे, शिरा, विचारता न विचारता. त्या वर्षात तो चांगला उंच झाला, ब्लेझरच्या बाह्या मनगटापाशी आल्या. मी एजन्सीच्या बाईला अभिमानाने सांगायची, आता कसा जेवतो बघा. रविवारचे आजोबांचे फोन आखूड होत गेले. मग पट आणि झाकणं बिस्किटांच्या डब्यात गेली आणि त्याने ती पुन्हा मागितली नाहीत. मीही विचारलं नाही. पोळ्यांचा आग्रह सोपा असतो.

त्या जुलैत तो अखेर घरी गेला, दोन महिन्यांसाठी. म्हणजे आईने मला विचारल्यानंतर नऊ महिन्यांनी. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो विमानतळावरून आमच्याकडे आला. मी वरणभात आणि बटाट्याची भाजी केली होती. नवरा कामावर होता, टेबलाशी आम्ही दोघंच.

मी विचारलं, "आजोबा कसे आहेत?"

"बरे आहेत, थँक यू."

मी त्याच्या समोर बसले. म्हटलं, "कसे आहेत रे?"

"फाइन. वय झालंय."

तो भात कालवत होता. मी तिसऱ्यांदा विचारलं, त्याच्या मनगटावर हात ठेवून. "बाळा, आजोबा कसे आहेत?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग सांगितलं, सरळ, न थांबता. आजोबांनी दार उघडलं, हसले, या बसा म्हणाले. चहा दिला. जेवताना माशाचा मधला, चांगला तुकडा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, घ्या, संकोच करू नका. "मी नको म्हटलं," तो म्हणाला. "मला वाटलं, मी नको म्हटलं की ते मला ओरडतील आणि ताटात टाकतील, नेहमीसारखं. ते पुन्हा म्हणाले, घ्या ना. मग तिसऱ्यांदा म्हणाले. खूप छान आग्रह केला." तो भाताकडे बघत होता. "आंटी, आजोबांनी मला आधी कधीच विचारलं नव्हतं."

मग वाटलं, आता तरी बोललं पाहिजे. वरातीमागून घोडं का होईना. मी म्हटलं, "तुझी आई आली होती ना, तेव्हा तिने मला विचारलं होतं. तुला घेऊन जाऊ का म्हणून. मी तिला..."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी जिन्यावर बसलो होतो."

बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "तिसऱ्यांदा तुम्ही सांगाल."

मी उठले. पातेल्यातला भात घेतला आणि त्याच्या ताटात वाढला, त्यावर वरण घातलं. त्याला विचारलं नाही. तोही नको म्हणाला नाही, आणि मान खाली घालून जेवू लागला.